श्री ५ त्रिभुवन यांची कारकीर्द : एक कीं दोन ?

नेपाळच्या शाहवंशी राजांची जी नामावळी सामान्यतः छापली जाते, तींत विसाव्या शतकाच्या मध्यावर एक चमत्कारिक नोंद आढळते. त्रिभुवन वीरविक्रम शाह, सन १९११ ते १९५०. ज्ञानेंद्र वीरविक्रम शाह, १९५० ते १९५१. पुनः त्रिभुवन, १९५१ ते १९५५. एकाच राजाचें नांव दोन वेळां, आणि मध्यें त्याच्याच तीन वर्षांच्या नातवाचें. वाचक ही नोंद पाहून क्षणभर थबकतो व पुढें जातो. पुढें सन २००१ मध्यें हाच ज्ञानेंद्र गादीवर आला, तेव्हां तो 'दुसऱ्यांदा' राजा झाला असें जिकडे तिकडे लिहिलें गेलें, आणि त्या एका शब्दानें ती जुनी नोंद जणूं शिक्कामोर्तब होऊन कायम झाली. आमच्या मतें ती चुकीची आहे. ती कां चुकीची आहे, व ती तशीच राहूं दिल्यानें इतिहासाचा कोणता विपर्यास होतो, हें दाखविण्याचा येथें यत्न केला आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगणें अवश्य आहे. मराठी वाचकास नेपाळची ओळख बहुधा जंगबहादुराच्या नांवानें असते. १८५७ चा उठाव मोडल्यावर नानासाहेब पेशवे व त्यांचे कुटुंबीय नेपाळच्या हद्दींत गेले, ते ह्याच जंगबहादुराच्या अमदानींत. सन १८४६ च्या सप्टेंबरांत काठमांडूच्या कोतांत झालेल्या कत्तलीनंतर राज्याचीं सर्व सूत्रें त्याच्या हातीं आलीं. दहा वर्षांनीं, १८५६ मध्यें, राजा सुरेंद्र याच्याकडून त्यानें लाल मोहरेची सनद मिळविली. तिनें त्यास कास्की व लमजुंग येथील महाराज ही पदवी मिळाली, आणि खुद्द राजानें गैरमार्ग धरल्यास त्यास आवरण्याचा अधिकारही मिळाला. तेव्हांपासून राजा तो 'श्री ५' आणि राणा प्रधान तो 'श्री ३', अशीं दोन घराणीं काठमांडूंत शेजारीं शेजारीं नांदूं लागलीं. दोहोंचे वारशाचे नियम निराळे. राजाची गादी बापाकडून वडील मुलाकडे जावयाची. प्रधानकी मात्र भावाकडून भावाकडे, रोलक्रमानें, जावयाची. ह्या दुसऱ्या नियमामुळें प्रधान सहसा पोक्त वयाचा पुरुष असे. राजा बहुधा बालक असे. १७७७ पासून १९११ पर्यंत सहा राजे गादीवर बसले. त्यांत रणबहादुर अडीच वर्षांचा, गीर्वाणयुद्ध दीड वर्षाचा, राजेंद्र तीनांच्या आंतबाहेर, पृथ्वीवीर पांच वर्षांचा आणि त्रिभुवनही पांचच वर्षांचे. एक सुरेंद्र तेवढा सतरा वर्षांचा. ह्यांपैकीं पहिले तिघे राणांच्या उदयापूर्वींचे आहेत, हें विसरूं नये. बालराजा ही राणांनीं काढलेली युक्ति नव्हे. ती त्यांस आयती सांपडलेली वहिवाट होती.

येथें आमच्याकडील लेखकांस सातारा व पुणें यांची आठवण होते, आणि छत्रपति तसा श्री ५, पेशवा तसा श्री ३, असें समीकरण मांडून ते मोकळे होतात. समीकरण सोयीचें आहे. परंतु ऐन मोक्याच्या जागीं तें फसतें. शाहूमहाराज १७४९ मध्यें वारल्यावर साताऱ्याची गादी निर्बल झाली हें खरें, आणि तरीही प्रत्येक नव्या पेशव्यास प्रधानकीचीं वस्त्रें साताऱ्याहूनच आणावीं लागत, हेंही खरें. परंतु पेशवाईस बापाकडून मुलाकडे जाण्याचें वळण पडलें होतें, म्हणून १७७४ मध्यें सवाई माधवराव अवघे चाळीस दिवसांचे असतां त्यांच्या नांवें वस्त्रें आलीं. पुण्यास पाळण्यांत प्रधान होता. काठमांडूस पाळण्यांत राजा असे व प्रधान दोरी धरून उभा राही. शिवाय सातारा व पुणें यांमध्यें घाट होता, मजला होत्या. काठमांडूचे श्री ५ व श्री ३ एकाच शहरांत राहत. राजाच्या मोटारी कोणत्या रस्त्यानें गेल्या हें प्रधानास घटकेंत कळे. १९५० सालचा प्रसंग घडला तो ह्या जवळिकीमुळें, आणि १९४७ नंतर त्याच शहरांत स्वतंत्र भारताचा वकील येऊन राहिला होता ह्यामुळें.

त्रिभुवन यांचा जन्म १९०६ चा. डिसेंबर १९११ मध्यें ते गादीवर आले. १९१३ मध्यें त्यांस राज्याभिषेक झाला. चंद्र, भीम, जुद्ध, पद्म व मोहन अशा पांच शमशेरांची प्रधानकी त्यांनीं पाहिली. १९४० मध्यें प्रजा परिषदेचा राणाविरोधी उद्योग उघडकीस आला, तेव्हां त्यांत राजाचें अंग असल्याचा राणांस संशय आला, व तो निराधार नव्हता. त्या मंडळींतील धर्मभक्त माथेमा हे राजाचे व्यायामशिक्षक होते. जानेवारी १९४१ मध्यें धर्मभक्त, शुक्रराज शास्त्री, दशरथ चंद व गंगालाल श्रेष्ठ या चौघांस देहान्त शासन झालें. राजास कोणी हात लावला नाहीं. प्रधानाच्या सर्व अधिकाराचें मूळ ज्या लाल मोहरेंत होतें ती मोहर राजाची होती, हें त्याचें कारण आम्हांस दिसतें. बुंधा तोडून फांदीवर बसतां येत नाहीं, एवढें जुद्ध शमशेर जाणत होते. दहा वर्षांनीं मोहन शमशेर यांस तेंच करण्याची पाळी आली.

६ नोव्हेंबर १९५० रोजीं शिकारीचें निमित्त सांगून त्रिभुवन वाड्याबाहेर पडले, आणि वाटेंत त्यांच्या मोटारी भारतीय वकिलातींत वळल्या. वकील चंद्रेश्वरप्रसाद नारायण सिंह यांनीं त्यांस आश्रय दिला. राण्या, युवराज महेंद्र, इतर पुत्र व महेंद्रांचा वडील मुलगा वीरेंद्र हीं सर्व मंडळी बरोबर होतीं. महेंद्रांचा धाकटा मुलगा ज्ञानेंद्र तेवढा मागें राहिला. दुसरे दिवशीं, ७ नोव्हेंबरला, मोहन शमशेर यांनीं त्या तीन वर्षें चार महिन्यांच्या मुलाच्या डोक्यावर श्रीपेच ठेवून त्यास राजा म्हणून जाहीर केलें. राजवंश उरावा म्हणून आजोबांनींच त्यास हेतुपुरस्सर मागें ठेविलें, अशी एक आख्यायिका प्रचलित आहे. ती आम्ही विचारांत घेत नाहीं. वंश चालविणारे पुत्र व वडील नातू ज्या छपराखालीं सुरक्षित नेले, तेथें वंश उरविण्याकरितां धाकट्या नातवास शत्रूच्या हातीं ठेवण्याचें प्रयोजन काय? घटनेचा शेवट ठाऊक झाल्यावर आरंभास जो शहाणपणा चिकटविला जातो, त्यांतलाच हा प्रकार आहे.

आतां मुद्द्यावर येऊं. ज्ञानेंद्राच्या त्या राजपदास आधार कोणता? राणांची बाजू थोडक्यांत अशी : राजा वाडा सोडून परक्यांच्या आश्रयास गेला, सबब गादी रिकामी झाली, वारसही त्याच्याबरोबर गेले, सबब त्यांचाही हक्क गेला, जो वाड्यांत राहिला तो राजा. ह्या तर्कांतील प्रत्येक पायरी तपासून पाहिली तर अखेर ज्ञानेंद्राची योग्यता एवढीच ठरते कीं, तो त्या दिवशीं घरीं होता. वडील मुलाकडे गादी जाण्याच्या नियमानें त्याच्या पुढें आजोबा, बाप व थोरला भाऊ असे तीन पुरुष जिवंत होते. तिघांपैकीं कोणीही राजत्याग लिहून दिला नव्हता. राहतां राहिला १८५६ च्या सनदेंतील अधिकार. परंतु राजास आवरणें निराळें आणि राजा नेमणें निराळें. सनद देणाऱ्याच्या वंशाची गादी ज्यास सनद दिली त्यानेंच रिकामी ठरवावयाची, हें मान्य केलें तर ती सनदच कागदाचा कपटा होते, आणि तिच्यावर उभी असलेली श्री ३ ची प्रधानकीही तिच्याबरोबर जाते.

तथापि राणांस अगदींच पूर्वाधार नव्हता असें म्हणणें अन्यायाचें होईल. नेपाळचे राजे याआधींही दोनदां देश सोडून गेले होते, आणि दोन्ही वेळां मुलगा गादीवर बसला होता. १७९९ मध्यें रणबहादुरानें दीड वर्षाच्या गीर्वाणयुद्धास गादी दिली व पुढें तो काशीस जाऊन राहिला. तो १८०४ मध्यें परत आला. पण परत राजा झाला नाहीं. राज्य मुलाच्याच नांवें चाललें व बाप मुखत्यार होऊन कारभार पाहूं लागला. त्यानें गादी स्वतः दिली होती, आणि दिलेली परत घेतां येत नाहीं हें त्या रगेल पुरुषानेंही पाळलें. दुसरा दाखला राजेंद्राचा. कोतपर्वानंतर तो राणीसह काशीस गेला. इकडे मे १८४७ मध्यें जंगबहादुरानें त्यास पदच्युत ठरवून युवराज सुरेंद्रास गादीवर बसविलें. राजेंद्र फौज जमवून तराईंत आला, अलौ येथें पकडला गेला, व पुढील आयुष्य त्यानें भक्तपुरास नजरकैदेंत काढलें. सुरेंद्र १८८१ मध्यें वारला त्यानंतरही हा पदच्युत बाप जिवंत होता. मोहन शमशेर यांच्या डोळ्यांपुढें १८४७ चाच कित्ता असला पाहिजे, याविषयीं आम्हांस शंका वाटत नाहीं : राजा सरहद्दीपलीकडे, प्रधान राजधानींत, गादीवर नवा राजा.

मग कोणी विचारील, सुरेंद्राची कारकीर्द १८४७ पासून धरावयाची आणि ज्ञानेंद्राची १९५० ची मात्र पुसावयाची, हा पंक्तिप्रपंच कां? आक्षेप वजनदार आहे, व त्यास 'सुरेंद्र टिकला, ज्ञानेंद्र टिकला नाहीं' एवढेंच उत्तर दिलें तर इतिहास म्हणजे यशाची वही होते. यशाचा भाग त्यांत आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण भेद तेवढाच नाहीं. सुरेंद्र युवराज होता. बापाच्या मागें गादी त्याचीच होती. जंगबहादुरानें वारस बदलला नाहीं, वेळ बदलली. मोहन शमशेर यांनीं वारसच बदलला. कित्ता गिरवितांना त्यांच्या हातून मुख्य अक्षर गळलें, कारण तें अक्षर म्हणजे युवराज, वकिलातींत जाऊन बसलें होतें. त्रिभुवन यांनीं कुटुंब बरोबर नेलें ह्यांत घरच्या माणसांची काळजी असेल. पण त्या एका कृत्यानें १८४७ ची वाट बंद झाली, आणि हेंच त्या दिवसाचें खरें राजकारण होय. बहुतेक वर्णनांत मोटारी, शिकार व पाठलाग यांचाच भर असून ह्या गोष्टीकडे लक्ष वेधलेलें नसतें.

ज्ञानेंद्राच्या पक्षाचा भक्कम म्हणून जो पुरावा पुढें येतो तो नाण्यांचा. विक्रम संवत् २००७ हा आंकडा व ज्ञानेंद्राचें नांव असलेलीं चांदीचीं नाणीं निघालीं, हें निर्विवाद आहे. संग्राहकांपाशीं तीं पाहावयास मिळतात. नाणें खोटें बोलत नाहीं असें आम्ही संशोधक म्हणतों. पण नाण्यास जेवढें विचारावें तेवढेंच तें सांगतें. टांकसाळ कोणाच्या ताब्यांत होती व ताबेदारास कोणाचें नांव चालवावयाचें होतें, हें तें सांगतें. राज्य कोणाचें हें नव्हे. पेशव्यांच्या मुलखांतून शाहआलमच्या नांवाचे रुपये निघत. म्हणून शनिवारवाड्यावर शाहआलमचें राज्य होतें असें कोणी लिहीत नाहीं. टांकसाळ मोहन शमशेर यांच्या ताब्यांत होती. बाहेर मात्र त्या नांवास कोणीं विचारलें नाहीं. त्रिभुवन पांच-चार दिवसांत भारतीय विमानानें दिल्लीस पोंचले. त्याच सुमारास नेपाळी काँग्रेसच्या मुक्तिसेनेनें वीरगंज घेऊन सशस्त्र उठावास आरंभ केला. डिसेंबरांत पंडित नेहरूंनीं भारताच्या लोकसभेपुढें त्रिभुवन हेच राजे असें स्पष्ट केलें. (त्या वेळची सभा अजून हंगामी होती, 'लोकसभा' हें नांव येथें सोयीसाठीं.) ब्रिटनचें मन कांहीं काळ दोलायमान होतें, व डेनिंग साहेबांस त्यांनीं काठमांडूस पाठविलेंही, पण मान्यता दिली नाहीं.

आणि मग हें राजपद संपलें कसें? ८ जानेवारी १९५१ रोजीं मोहन शमशेर यांनीं जाहीरनामा काढला : त्रिभुवन हेच राजे राहतील, लोकपक्षाचे प्रतिनिधि मंत्रिमंडळांत घेतले जातील, आणि राज्यघटना करण्यासाठीं संविधानसभा निवडली जाईल. तीन वर्षांच्या मुलास राजत्याग करतां येत नाहीं. त्याच्या वतीनें तो कोणीं केलाही नाहीं. ज्यानें बसविलें त्यानेंच उठविलें, व कामही आटोपलें. १५ फेब्रुवारीस त्रिभुवन काठमांडूस परत आले. त्यांस दुसऱ्यांदा राज्याभिषेक झाला नाहीं. १९१३ चा अभिषेक पुरेसा आहे असें सर्वांनीं, राणांनींसुद्धां, गृहीत धरलें. 'दुसरी कारकीर्द' असें जर कांहीं असतें, तर तिचा आरंभ कोणत्या विधीनें झाला हें दाखवितां आलें पाहिजे. तें दाखवितां येत नाहीं.

याच जातीचा एक प्रसंग आमच्या इतिहासांत आहे, व त्याची नोंद आमच्या यादीकारांनीं अधिक विवेकानें केली आहे असें आम्हांस वाटतें. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर १७९६ मध्यें बाजीरावाच्या धाकट्या भावास, चिमाजी आपास, सवाई माधवरावांच्या विधवा स्त्रीच्या मांडीवर दत्तक देऊन पेशवा केलें गेलें. साताऱ्याहून वस्त्रेंही आलीं. वर्षाअखेर डाव पालटला, दत्तविधान अशास्त्र ठरलें व बाजीरावास वस्त्रें मिळालीं. ज्ञानेंद्रापेक्षां चिमाजी आपाचा कागद कितीतरी बळकट. त्यास वरिष्ठ गादीचीं वस्त्रें होतीं. तरी पेशव्यांच्या नामावळींत त्याचें नांव सहसा ओळीनें येत नाहीं. येतें तें टीपेंत किंवा कंसांत. मुलाचा दोष दोन्हीकडे नाहीं. दोघेही मोठ्यांच्या हातांतलीं सोंगटीं होते.

यावर एक आक्षेप आम्हांस खुद्द नेपाळच्या पुढील इतिहासामुळें घ्यावा लागतो, व तोच खरा अवघड आहे. त्रिभुवन यांची कारकीर्द अखंड मानली कीं राजसत्ताही अखंड मानल्यासारखें होतें. आणि राजसत्ता अखंड मानली कीं पुढें राजानें जें केलें त्यास आपोआप आधार मिळतो. १८ फेब्रुवारी १९५१, म्हणजे संवत् २००७ च्या फाल्गुनाच्या ७ तारखेस, त्रिभुवन यांनीं घोषणा केली कीं, येथून पुढें प्रजेचें शासन प्रजेनेंच निवडलेल्या संविधानसभेच्या घटनेप्रमाणें चालेल. ती सभा त्यांच्या हयातींत भरली नाहीं. उलट १९५४ मध्यें हंगामी घटनेंत बदल होऊन सर्वोच्च सत्ता राजाचीच असें ठरलें. १३ मार्च १९५५ रोजीं त्रिभुवन झूरिक येथें वारले. महेंद्रांनीं १९५९ मध्यें संविधानसभेऐवजीं आपल्या हातानें घटना दिली. तिच्याखालीं झालेल्या निवडणुकींत १०९ पैकीं ७४ जागा नेपाळी काँग्रेसनें जिंकल्या. आणि १५ डिसेंबर १९६० रोजीं त्याच राजानें तें मंत्रिमंडळ मोडून प्रधानमंत्री विश्वेश्वरप्रसाद कोइराला यांस अटकेंत टाकलें. दिलेली वस्तु देणारा परत घेऊं शकतो, हा त्यामागचा न्याय. मग अखंड कारकीर्दीची आमची गणना ह्या न्यायाच्याच पदरांत माप टाकते काय?

आमच्या मतें नाहीं. आणि दोन कारकीर्दींची चुकीची गणना करणारे नेमकी हीच गफलत करतात. राजपद व राजसत्ता ह्या दोन वस्तु त्यांनीं एक समजल्या आहेत. त्रिभुवन यांचें राजपद १९११ पासून अखंड होतें. सत्ता त्यांस १९५१ पर्यंत कधीं मिळालीच नव्हती. ती अखंड असण्याचा प्रश्नच कोठें येतो? १९५१ च्या फेब्रुवारींत जी सत्ता राजाच्या हातीं आली ती वंशपरंपरेनें आली नाहीं. १८५६ मध्यें सुरेंद्रानें दिलेली चीज पणतवानें परत घेतली, असें चित्र राजवाड्याच्या आश्रयानें पुष्कळ दिवस रंगविलें गेलें. पण परत घेण्याचें बळ वाड्यांत नव्हतें. तें वीरगंजच्या रस्त्यावर व तराईंतील ठाण्यांवर होतें, आणि दिल्लीच्या दडपणांत होतें. ती सत्ता राजाकडे एका अटीवर आली, आणि ती अट फाल्गुन ७ च्या घोषणेंत राजाच्याच तोंडून नमूद आहे. कोइरालांच्या पक्षानें पुढें ह्याच घोषणेचा दाखला वारंवार दिला, तो याचसाठीं. त्रिभुवन यांनीं लोकांस राज्य दिलें हें वाक्य जितकें अपुरें, तितकेंच राणांनीं त्रिभुवन यांस राज्य परत दिलें हेंही. 'त्रिभुवन, १९५१ ते १९५५' ही ओळ मात्र वाचकास नेमकें हें दुसरें वाक्य शिकविते, व शिकवितांना त्यास कळूंही देत नाहीं. मोहन शमशेर यांच्या जाहीरनाम्यानें राजा पुनः राजा झाला, असाच तिचा अर्थ होतो.

ती संविधानसभा अखेर १० एप्रिल २००८ रोजीं निवडली गेली. २८ मे २००८ च्या पहिल्याच बैठकींत तिनें राजपद रद्द केलें, तेव्हां गादीवर तोच ज्ञानेंद्र होता. हा योगायोग चटका लावणारा आहे खरा, आणि त्याच्या मोहानेंच कित्येकांनीं १९५० ची नोंद उचलून धरली आहे, असा आमचा समज आहे : आरंभींही तोच, शेवटींही तोच, अशी कथा जुळते. कथा जुळण्याकरितां सनावळी वांकवूं नये.

तेव्हां आमची सूचना अशी. नामावळींत त्रिभुवन यांची एकच ओळ असावी : ११ डिसेंबर १९११ ते १३ मार्च १९५५. तिच्याखालीं कंसांत लिहावें कीं, ७ नोव्हेंबर १९५० पासून कांहीं आठवडे राणा प्रधान मोहन शमशेर यांनीं राजाचा नातू ज्ञानेंद्र याचें नांव राजधानींत चालविलें व त्याच्या नांवें संवत् २००७ चीं नाणीं पाडलीं. तें नांव भारतानें वा ब्रिटननें मान्य केलें नाहीं. ज्ञानेंद्राची कारकीर्द ४ जून २००१ पासून २८ मे २००८ पर्यंत धरावी, आणि तिच्यापुढील 'दुसऱ्यांदा' हा शब्द गाळावा.